दोन डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी रुग्णनोंदी आणि अपॉइंटमेंटचा डेटाबेस कसा मांडावा?

आगाशिव_पायथा (प्रश्न)

नमस्कार. कऱ्हाडमध्ये माझा मोठा भाऊ आणि वहिनी मिळून दवाखाना चालवतात. भाऊ जनरल प्रॅक्टिस करतो आणि वहिनी बालरोगतज्ज्ञ आहेत. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी दोन वेळा ओपीडी असते. एका कुटुंबाचे सगळे केसपेपर एका लिफाफ्यात आणि लिफाफ्यावर नंबर, ही पद्धत दवाखाना सुरू झाल्यापासून चालत आली आहे. लिफाफा वेळेवर सापडला नाही की नवा केसपेपर काढला जातो आणि मागच्या वेळी कोणते औषध दिले होते, हे रुग्णालाच विचारावे लागते. म्हणून हे सगळे संगणकावर आणण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.

मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे डेटाबेस मला नवा नाही. वैद्यकीय नोंदी मात्र नव्या आहेत. माझ्या पहिल्या आराखड्यात दोनच सारण्या आहेत. ‘रुग्ण’ या सारणीत मोबाइल क्रमांक ही प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखण्याची खूण), आणि पुढे पूर्ण नाव, वय, लिंग, पत्ता व ॲलर्जी असे रकाने आहेत. ‘अपॉइंटमेंट’ या सारणीत मोबाइल क्रमांक, डॉक्टर, तारीख, वेळ, तक्रार, निदान, औषध १ ते औषध ५, आणि फी असे रकाने आहेत. डेटाबेससाठी पोस्टग्रेस हे सॉफ्टवेअर घ्यावे की मायएस्क्यूएल, हे अजून ठरलेले नाही.

दोन सारण्या पुरणार नाहीत, हे मलाही जाणवते. पण नेमकी कुठे फोड करावी, एकाच वेळेला दोघांना नंबर दिला जाऊ नये यासाठी काय करावे, आणि दवाखान्याच्या रोजच्या व्यवहारात असे काय असते की जे हिशेबाच्या सवयीने विचार करणाऱ्या माणसाच्या लक्षात येणार नाही, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

सारणीकार

सर्वांत आधी रुग्णाची ओळख बदलावी, असे मी सुचवेन. मोबाइल क्रमांक बहुतेक वेळा रुग्णाचा नसून घराचा असतो. आजी, सून आणि दोन नातवंडे एकाच क्रमांकावर येतात. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की फोनही त्याच्याबरोबर जातो. आणि बंद पडलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते. ज्या गोष्टीची मालकी बदलते, ती प्रायमरी की होऊ शकत नाही. डेटाबेसने स्वतः दिलेला, काहीही अर्थ नसलेला, कधीही न बदलणारा आणि पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक घ्यावा. फोनसाठी वेगळी सारणी करून एका रुग्णाला अनेक फोन आणि एका फोनला अनेक रुग्ण जोडता येतील, अशी सोय ठेवावी, आणि त्या जोडणीतच ‘हा फोन कोणाचा, रुग्णाशी नाते काय’ हेही लिहावे. आपल्या भावाने लिफाफ्यावर नंबर घालण्याची जी पद्धत ठेवली आहे ती उत्तम आहे आणि ती मोडू नये. तो नंबर ‘कुटुंब’ या सारणीचा होईल, आणि रुग्ण त्या कुटुंबाचा सदस्य म्हणून नोंदवला जाईल. लग्नानंतर मुलगी दुसऱ्या कुटुंबात गेली तर तिचा लिफाफा बदलेल, पण तिचा रुग्णक्रमांक आणि मागच्या सगळ्या नोंदी तिच्याच राहतील.

नावाबद्दलही तसेच. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने ठेवावेत, त्यांपैकी फक्त पहिला अनिवार्य असावा, आणि पूर्वीची नावे वेगळ्या सारणीत जपावीत. माहेरच्या नावाने नोंदलेली स्त्री पाच वर्षांनी बाळाला घेऊन सासरच्या नावाने येते तेव्हा तिचा जुना ॲलर्जीचा इतिहास सापडला पाहिजे, आणि तो केवळ या जुन्या नावामुळेच सापडतो.

वयाचा रकाना ठेवूच नये. जन्मतारीख ठेवावी आणि वय दर वेळी काढावे. मात्र जन्मतारखेच्या शेजारी ‘ही तारीख कितपत खरी’ असा एक रकाना अवश्य द्यावा: पूर्ण तारीख माहीत, फक्त महिना-वर्ष माहीत, फक्त वर्ष माहीत, किंवा अंदाज. आपल्याकडे वयस्कर माणसांत एक जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, हे आपण कोणत्याही मतदार यादीच्या किंवा पेन्शनच्या कामात पाहिले असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख पुढे प्रत्येक कागदावर कायम झाली. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे रुग्ण तोच, हा नियम परदेशी पुस्तकांतून उचलला तर एकाच गावातील, एकाच आडनावाची दोन वेगळी माणसे आपली प्रणाली एक करून टाकील. उलट वहिनींच्या बाजूला तारीख अगदी नेमकी हवी, कारण पेंटाव्हॅलंट लसीचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, हे सगळे त्या तारखेवरूनच मोजले जाते.

एकाच माणसाची दोनदा नोंद होणारच आहे, हे गृहीत धरून आराखडा करावा. तसे आढळले की एक नोंद पुसू नये. दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारा ‘यात विलीन’ असा रकाना भरावा. विलीनीकरण चुकीचे निघाले तर ते परत सोडवता येते. पुसलेली नोंद परत आणता येत नाही.

आता मुख्य फोड. आपण अपॉइंटमेंटमध्येच निदान आणि औषधे ठेवली आहेत. अपॉइंटमेंट म्हणजे येण्याचे ठरवणे, आणि भेट म्हणजे प्रत्यक्ष तपासणी. या दोन गोष्टी एकमेकींशिवाय घडतात. कोणी नंबर लावून येत नाही. कोणी नंबर न लावता थेट ताप घेऊन येतो. कोणी भावाकडे नंबर लावतो आणि प्रत्यक्षात वहिनी त्याला तपासतात. म्हणून ‘अपॉइंटमेंट’ आणि ‘भेट’ या दोन सारण्या हव्यात, आणि भेटीत अपॉइंटमेंटचा क्रमांक ऐच्छिक असावा. एफएचआयआर या आरोग्यनोंदींच्या आंतरराष्ट्रीय मानकातही या दोन वेगळ्या नोंदी मानलेल्या आहेत, आणि आपल्याकडील आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्यनोंदी डिजिटल करण्याची केंद्र सरकारची योजना, त्याच मानकावर उभे आहे. पुढे कधी जोडून घ्यायचे झाले तर ही फोड आधीच केलेली बरी.

औषध १ ते औषध ५ हे रकाने मात्र कोणत्याही परिस्थितीत ठेवू नयेत. सहावे औषध कुठे लिहायचे हा त्यातला लहान प्रश्न आहे. मोठा प्रश्न असा की, २०११ मध्ये निमेसुलाइड हे वेदना आणि तापावरचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास केंद्र सरकारने बंदी घातली. तसा आदेश उद्या दुसऱ्या एखाद्या औषधाबद्दल आला तर ‘सध्या आपल्या कोणकोणत्या मुलांना हे औषध चालू आहे’ याचे उत्तर मिळवायला पाच रकाने चाळावे लागतील, आणि ब्रँडची नावे वेगवेगळी असल्यामुळे तेही अपुरे पडेल. ‘औषध’ ही सारणी ब्रँडची करावी, ‘घटक’ ही सारणी मूळ द्रव्यांची, आणि त्या दोघींमध्ये कोणत्या ब्रँडमध्ये कोणता घटक किती प्रमाणात आहे हे सांगणारी जोड-सारणी. मग एका प्रश्नात उत्तर मिळते.

एकच वेळ दोघांना दिली जाऊ नये यासाठी मी पोस्टग्रेसची शिफारस करीन. ‘आधी वेळ मोकळी आहे का ते पाहा आणि मग नोंद करा’ असे प्रोग्रामात लिहिले, तर दोन संगणकांवरून एकाच क्षणी पाहिले असता दोन्हींना ती वेळ मोकळी दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. हे थांबवण्याची जबाबदारी डेटाबेसवर टाकली पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये वेळेचा पट्टा हा एक डेटाप्रकार आहे आणि ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ नावाची अट आहे: डॉक्टर तोच आणि पट्टे एकमेकांवर आलेले, अशा दोन नोंदी ती स्वीकारतच नाही. त्यासाठी ‘बीट्री-जिस्ट’ हे एक्सटेन्शन (पोस्टग्रेसचा जोड-भाग) सुरू करावे लागते. पट्ट्याचे टोक अर्धे उघडे ठेवावे, म्हणजे सुरुवातीचे मिनिट धरलेले आणि शेवटचे न धरलेले. नाहीतर दहा ते सव्वादहा आणि सव्वादहा ते साडेदहा या दोन वेळा एकमेकांना अडवतात. रद्द केलेल्या अपॉइंटमेंट या अटीतून वगळता येतात, त्यामुळे त्या पुसण्याची गरज उरत नाही. मायएस्क्यूएलमध्ये अशी अट नाही. तेथे आधीच कापून ठेवलेल्या ठराविक वेळांच्या ओळी करून डॉक्टर आणि वेळ या जोडीवर युनिक अट, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट, घालावी लागते.

दवाखाना_सायंकाळ

मी गेली बरीच वर्षे सांगली जिल्ह्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे, आणि सारणीकार यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत असले तरी वेळेच्या पट्ट्यांबद्दल मला आग्रहाने वेगळे मत मांडायचे आहे. आमच्या दवाखान्यात रुग्ण वेळ घेत नाही, नंबर लावतो. ‘साडेसहाला या’ असे सांगितलेला माणूस गावाकडच्या एसटीच्या वेळेनुसार सव्वासहाला किंवा सव्वासातला पोहोचतो. शिवाय झटके आलेले मूल किंवा छातीत दुखणारा माणूस आला की सगळे नंबर मागे सरकतात आणि ते सरकलेच पाहिजेत. प्रत्येक रुग्णाला पंधरा मिनिटांच्या चौकटीत बसवणारे सॉफ्टवेअर आठवड्याभरात बाजूला पडते आणि रिसेप्शनवर पुन्हा वही उघडली जाते, हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिलेले आहे.

त्यामुळे माझी सूचना अशी, की ‘सत्र’ ही सारणी मुख्य धरावी: अमुक डॉक्टर, अमुक तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, जास्तीत जास्त इतके नंबर. अपॉइंटमेंट ही त्या सत्रातला नंबर असेल, आणि सत्र व नंबर या जोडीवर युनिक अट राहील. ज्यांना खरोखर ठराविक वेळ लागते, म्हणजे ड्रेसिंग, लसीकरण किंवा मधुमेहाची सविस्तर तपासणी, त्यांच्यासाठी सारणीकार यांनी सांगितलेले पट्टे वापरावेत. तातडीच्या रुग्णाला नंबर देऊ नये. त्याची थेट भेट नोंदवावी आणि भेटीत ‘तातडीची’ अशी खूण करावी. रांगेचा क्रम बदलला तरी मूळ नंबर बदलू नये, कारण ‘माझा सातवा नंबर होता’ असे सांगणाऱ्या रुग्णाला पटेल असे उत्तर रिसेप्शनकडे असले पाहिजे. रुग्ण आला ती वेळ, आत गेला ती वेळ आणि बाहेर पडला ती वेळ अशा तीन वेळा जपाव्यात. सत्रात किती नंबर घ्यायचे हे काही महिन्यांनी त्यांवरूनच शहाणपणाने ठरवता येईल.

आता औषधांविषयी, कारण हिशेबाच्या सवयीने मांडणी करणाऱ्या माणसाकडून सर्वांत घातक चूक येथेच होऊ शकते. औषधाची मात्रा हा एक आकडा नसतो. पॅरासिटॅमॉलचे सिरप बाजारात पाच मिलीलिटरमध्ये १२५ मिलीग्रॅम आणि पाच मिलीलिटरमध्ये २५० मिलीग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. दहा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलीग्रॅम या हिशेबाने एका वेळी १५० मिलीग्रॅम द्यायचे झाले तर पहिल्या बाटलीतून सहा मिलीलिटर आणि दुसऱ्या बाटलीतून तीन मिलीलिटर द्यावे लागेल. नोंदीत फक्त ‘पॅरासिटॅमॉल सिरप, सहा मिली’ असे असेल आणि औषधाच्या दुकानात दुसरी बाटली मिळाली, तर मुलाला दुप्पट मात्रा जाते. म्हणून चिठ्ठीच्या प्रत्येक ओळीत ब्रँड, तीव्रता, एका वेळची मात्रा आणि तिचे एकक, दिवसातून किती वेळा, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे सगळे स्वतंत्र रकान्यांत असावे. आणि ‘१-०-१’ ही आपल्याकडची लिहिण्याची पद्धत सकाळ-दुपार-रात्र अशा तीन रकान्यांतून छापली जावी, मजकूर म्हणून टंकली जाऊ नये.

याच कारणाने मुलाचे वजन रुग्णाच्या सारणीत ठेवू नये. ते त्या भेटीचे असते. वजन, उंची, तापमान, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर या मोजमापांसाठी वेगळी सारणी असावी, आणि प्रत्येक मोजमापाबरोबर एकक व मोजल्याची वेळ असावी. रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे दोन रकान्यांत ठेवावेत; ‘१४०/९०’ असा मजकूर साठवला तर त्याचा आलेख निघत नाही. साखरेसाठी उपाशीपोटी, जेवणानंतर की कोणत्याही वेळची, ही माहिती नसेल तर आकड्याचा उपयोग होत नाही. लॅबच्या रिपोर्टमध्ये त्या लॅबने छापलेली संदर्भमर्यादाही (सामान्य मानला जाणारा पल्ला) त्याच ओळीत जपावी, कारण लॅब बदलली की मर्यादा बदलते आणि जुना आकडा नव्या मर्यादेशी ताडून पाहिल्यास चुकीचा अर्थ निघतो.

ॲलर्जीचा रकाना रुग्णाच्या सारणीत एकच आणि तोही रिकामा राहू शकणारा, असा आपला आराखडा आहे. रिकामा रकाना पाहून मला काय समजावे? विचारले नाही, असे की विचारले आणि नाही म्हणाले, असे? पेनिसिलिनच्या बाबतीत या दोन अर्थांमध्ये एखाद्याचा जीव अडकलेला असतो. ॲलर्जीची वेगळी सारणी करावी, तीत घटक, काय त्रास झाला, कोणी सांगितले आणि केव्हा, हे लिहावे. आणि रुग्णाच्या नोंदीत ‘ॲलर्जीबद्दल विचारले : तारीख’ असा रकाना वेगळा ठेवावा. ॲलर्जी ब्रँडशी न जोडता घटकाशी जोडली, तर सारणीकार यांनी सांगितलेल्या घटकांच्या सारणीमुळे चिठ्ठी लिहितानाच इशारा देता येईल.

निदानाविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगते. प्रत्येक निदानाला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, कोड सक्तीचा करू नका. उच्च रक्तदाबाला आय-१० आणि टाइप दोन मधुमेहाला ई-११ लावणे सोपे आहे. पण तीन दिवसांचा ताप घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी निदानच नसते. सक्ती केली की डॉक्टर यादीतला पहिला जवळचा कोड निवडतो आणि ती नोंद खोटी होते. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, कोड ऐच्छिक असावा, आणि ‘शंका’, ‘निश्चित’, ‘बाद’ अशी निदानाची अवस्था नोंदवावी. ज्यांना पुढे कोडचे काम नीट करायचे असेल त्यांनी पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय संसाधन केंद्राकडे पाहावे. स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय कोश आहे. भारत स्नोमेडचा सदस्य देश असल्यामुळे स्नोमेड सीटी भारतात विनाशुल्क वापरता येते, आणि आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींच्या मानकांतही त्याची शिफारस आहे.

आगाशिव_पायथा

दोघांचेही मनापासून आभार. सत्र आणि नंबर हीच पद्धत आमच्याकडे चालते, त्यामुळे तीच घेतो आणि लसीकरणासाठी पट्टे ठेवतो. पोस्टग्रेस नक्की केले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. डॉक्टरांकडून नोंद चुकली तर ती दुरुस्त कशी करावी, आणि रिसेप्शनवरच्या ताईंना नेमके किती दिसावे? त्या विश्वासू आहेत, पण गाव लहान आहे आणि रांगेतला माणूस काउंटरवरच्या स्क्रीनकडे पाहतच असतो. दुसरे म्हणजे, चाचणीसाठी मी पत्त्यांची यादी भरली तेव्हा ‘कऱ्हाड’ शोधल्यावर निम्म्याच नोंदी आल्या. बाकीच्या नोंदी डोळ्यांना अगदी सारख्याच दिसतात.

जुनीनोंद

दुरुस्तीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मूळ व्यवसायातच आहे: हिशेबात चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करतात. भेटीची टिपणे, चिठ्ठी आणि मोजमापे एकदा डॉक्टरांनी कायम केली की त्या ओळी बदलता येऊ नयेत. दुरुस्ती म्हणजे नवी ओळ, जीत ‘ही कोणत्या ओळीच्या जागी’, कोणी केली, केव्हा केली आणि का केली, हे लिहिलेले असेल. प्रोग्रामवर विसंबून न राहता डेटाबेसच्या परवानग्यांमधूनच बदलण्याचा आणि पुसण्याचा हक्क काढून घ्यावा. पुढे कधी एखाद्या उपचाराबद्दल वाद निर्माण झाला तर ‘त्या दिवशी डॉक्टरांना काय माहीत होते’ हाच प्रश्न विचारला जातो, आणि मागाहून शांतपणे बदललेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट ठरते.

किती काळ ठेवाव्यात, हेही आत्ताच ठरवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तणुकीच्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. ओपीडीपुरताच दवाखाना असला तरी ७२ तासांचा मुद्दा मनात ठेवून, एका रुग्णाचा संपूर्ण इतिहास एका फाइलमध्ये छापता येईल अशी सोय पहिल्याच आवृत्तीत करावी. आणि मुलांच्या नोंदी तीन वर्षांवर थांबवू नयेत. मूल सज्ञान होऊन आणखी काही वर्षे जाईपर्यंत त्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लसीकरणाचा इतिहास पुढेही लागू शकतो.

रिसेप्शनवर नाव, नंबर, फोन, फी आणि पुढची तारीख एवढेच दिसावे. अपॉइंटमेंटच्या सारणीत ‘तक्रार’ हा मोकळा रकाना असू नये. त्याऐवजी ‘नेहमीची तपासणी, लसीकरण, ड्रेसिंग, रिपोर्ट दाखवणे, इतर’ अशी मोजकी निवड द्यावी. काउंटरवर उभ्या माणसाने मोठ्याने तक्रार सांगावी आणि ती टंकली जावी, हे रुग्णाला संकोचाचे असते आणि डॉक्टरांना त्याचा उपयोगही नसतो. आठवणीच्या मेसेजमध्ये आजाराचे, औषधाचे किंवा तपासणीचे नाव कधीही नसावे. वर सांगितल्याप्रमाणे फोन घराचा असतो, आणि सुनेच्या तपासणीचा मेसेज सासऱ्यांच्या फोनवर जाऊ शकतो. प्रत्येक फोनच्या जोडणीवर ‘या क्रमांकावर मेसेज पाठवायला रुग्णाची संमती आहे का’ असा रकाना ठेवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती आणि हेतू या दोन गोष्टी पायाभूत मानल्या आहेत, म्हणून संमती कोणत्या हेतूसाठी, कोणत्या तारखेला दिली आणि मागे घेतली असल्यास केव्हा, हेही सोबत असावे.

काही नोंदींना डॉक्टरांमध्येही वेगळे कुलूप लागते. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करण्यावर कडक बंधने घातली आहेत. अशा नोंदींसाठी ‘संवेदनशील’ अशी खूण असावी, आणि ती नोंद कोणी केव्हा उघडली हेही आपोआप लिहिले जावे. याउलट क्षयरोगाची सूचना देणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. तेव्हा क्षयरोगासाठीच्या निक्षय या सरकारी पोर्टलवर कळवल्याची तारीख आणि तेथे मिळालेला क्रमांक यांसाठी जागा ठेवावी.

आधार क्रमांकाचा रकाना ठेवू नये. दवाखान्याला त्याची गरज नाही, आणि जे आपल्याकडे नाही ते चोरीला जात नाही. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, ऐच्छिक ठेवावा. तो १४ अंकी असतो आणि तो मजकूर म्हणून साठवावा, संख्या म्हणून नव्हे. आभा नसलेल्या रुग्णाला नोंद करताना अडवले जाता कामा नये.

बॅकअपबद्दल आपल्या भागातल्या माणसाला अधिक सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडाले. तळमजल्यावरच्या दवाखान्यात संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क ही दोन्ही एकाच पाण्याखाली जातात. रोज रात्री कूटबद्ध केलेली एक प्रत गावाबाहेर गेली पाहिजे, आणि दर महिन्याला ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून एका रुग्णाचा केसपेपर छापून पाहिला पाहिजे. छापून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे, असे मी मानत नाही.

सारणीकार

‘कऱ्हाड’चे कोडे सोडवतो. यातला ‘ऱ्ह’ संगणकात निदान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. युनिकोड या संगणकातील अक्षरांच्या मानकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच र आणि त्याखाली नुक्ता (खालचा ठिपका) असे दोन तुकड्यांतही लिहिता येते. आणि काही कीबोर्डवर र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा मार्ग वापरला जातो. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणित रूपात एक होतात, तिसरा होत नाही. ‘ॲ’चीही तीच गत आहे: एकसंध ॲ आणि अ-वर चंद्र देऊन केलेला ॲ एनएफसीनेही एक होत नाहीत. म्हणून नाव आणि पत्ता जसा लिहिला तसा ठेवावा, आणि शेजारी ‘शोधरूप’ असा दुसरा रकाना डेटाबेसनेच भरावा. त्यात एनएफसी लावावे, अदृश्य चिन्हे काढावीत, ‘ऱ’ आणि ‘ॲ’ एकाच रूपात आणावेत, आणि ऱ्हस्व-दीर्घ एक करावेत, म्हणजे ‘दीक्षित’ आणि ‘दिक्षित’ एकत्र सापडतील. शोधाच्या चौकटीत टंकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करावी. सारख्या उच्चाराची नावे शोधणारी, पण इंग्रजी उच्चारांवर बेतलेली साउंडेक्स ही पद्धत मराठी नावांसाठी वापरू नये.

राहिला जुन्या केसपेपरांचा प्रश्न, जो आपण विचारला नाही पण जो पहिल्याच आठवड्यात समोर येईल. सगळे लिफाफे बसून टंकू नका. रुग्ण येईल त्या दिवशी त्याचा लिफाफा उघडावा. ॲलर्जी, कायमचे आजार, चालू औषधे आणि मुलांची लसीकरणाची तारीखवार यादी एवढेच डॉक्टरांच्या समोर भरून घ्यावे, आणि बाकीच्या पानांचे स्कॅन त्याच रुग्णाला जोडावेत. प्रत्येक अशा ओळीवर ‘जुन्या केसपेपरवरून’ अशी खूण ठेवावी, म्हणजे कागदावरून उतरवलेली माहिती आणि प्रत्यक्ष तपासून लिहिलेली माहिती कधीही मिसळणार नाही. लिफाफे मात्र सध्या आहेत तिथेच, त्यांच्या नंबरांनिशी राहू द्यावेत.